१२ वर्षांत अख्ख्या आयुष्याचं काम करून गेलेला 'मालगुडी डेज'चा दिग्दर्शक शंकर नाग

'मालगुडी डेज'ची धून लागली की दूरदर्शन बघत मोठी झालेली पिढी आजही हातातलं काम थांबवते. स्वामी आठवतो, त्याचे कडक वडील आठवतात. पण हे सगळं उभं करणारा दिग्दर्शक कोण होता, असं विचारलं तर आपल्याकडे बरेच जण गप्प होतात.

त्याचं नाव शंकर नाग. कर्नाटकात आजही रिक्षांवर त्याचे फोटो दिसतात. आणि त्याच्या घडण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे.

सुरुवात मुंबईतून

९ नोव्हेंबर १९५४ ला होन्नावरच्या एका कोकणी कुटुंबात शंकरचा जन्म झाला. अभिनेते अनंत नाग हे त्याचे थोरले भाऊ. शंकर मुंबईत आला आणि मराठी नाटकात रमला. पत्नी अरुंधती यांची भेटही मुंबईच्या रंगभूमीवरच झाली. चापेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या गाजलेल्या मराठी सिनेमाच्या लेखनातही त्याचा हात होता.

१९७८ मध्ये गिरीश कर्नाड यांनी त्याला 'ओंदानोंदु कालदल्ली' या कन्नड सिनेमात घेतलं. पहिल्याच सिनेमासाठी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मग १९८० मध्ये 'ऑटो राजा' आला आणि शंकर रिक्षावाल्यांचा हिरो झाला. त्याच वर्षी त्याने 'मिंचिन ओट' हा सिनेमा दिग्दर्शितही केला.

मग मालगुडी कसं उभं राहिलं?

पुढे निर्माते टी. एस. नरसिंहन यांच्यासाठी आर. के. नारायण यांच्या कथा टीव्हीवर आणायचं काम शंकरकडे आलं. काम सोपं नव्हतं. नारायण यांच्या कादंबरीवरचा 'गाईड' लोकांनी डोक्यावर घेतला होता, पण खुद्द नारायण त्यावर नाराज होते. त्यांची साधी, दक्षिणेतली गोष्ट सिनेमात पार राजस्थानात गेली होती.

शंकरने ती चूक टाळली. मालगुडी हे काल्पनिक गाव. त्यासाठी त्याने शिमोगा जिल्ह्यातलं पावसाळी आगुंबे निवडलं. जुनी घरं होती तशीच वापरली. वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड आले, तर स्वामी झाला मास्टर मंजुनाथ हा छोटा पोरगा. रेखाचित्रं काढली नारायण यांचे भाऊ आर. के. लक्ष्मण यांनी, म्हणजे आपल्या 'कॉमन मॅन'वाल्यांनी. संगीत होतं एल. वैद्यनाथन यांचं.

सुरुवातीचे १३ भाग हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत झाले. मालिकेत मोठा खलनायक नव्हता, मारामारी नव्हती. शाळेची भीती, आजीची माया, छोट्या माणसांच्या छोट्या अडचणी, एवढ्यावर भाग रंगायचा. पडद्यावर हाणामारी करणाऱ्या हिरोने टीव्हीवर नेमकं उलटं करून दाखवलं. यावेळी नारायणही खूश होते.

शंकर एवढ्यावर थांबला नाही

कन्नड सिनेमावाल्यांना रेकॉर्डिंगसाठी मद्रास गाठावं लागायचं. शंकरने बंगळुरूत 'संकेत' हा स्टुडिओ उभा केला. दिवसा शूटिंग करून तो नाटकंही बसवायचा. बंगळुरूत नाटकासाठी हक्काचं थिएटर असावं, हे त्याचं आणि अरुंधती यांचं स्वप्न होतं.

ते अर्धवट राहिलं. ३० सप्टेंबर १९९० ला 'जोकुमारस्वामी'च्या शूटिंगला जाताना दावणगेरेजवळ अनगोडू इथे गाडीला अपघात झाला. शंकर जागीच गेला. वय होतं फक्त ३५. पहिल्या सिनेमापासून मोजली तर मिळाली जेमतेम १२ वर्षं.

त्याच अपघातात अरुंधती गंभीर जखमी झाल्या. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि थिएटरसाठी वर्षानुवर्षं झटल्या. अखेर २००४ मध्ये बंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये ते थिएटर सुरू झालं. त्याचं नाव 'रंगशंकरा'. कधी बंगळुरूला गेलात तर तिथे एखादं नाटक नक्की बघा.