जमाखर्चात न बसणारे आयुष्य

जो आपला जीव जपू पाहतो त्याच्या हातून तो निसटतो आणि जो दुसऱ्यासाठी तो गमावतो त्याला तो गवसतो, ही ख्रिस्ताची शिकवण व्यवहाराच्या जमाखर्चात बसत नाही. तरीही हे उलटे गणित प्रत्यक्ष जगून दाखविणारी माणसे होऊन गेली. फादर डेमियन हे त्यांपैकी एक.

बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात ३ जानेवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. हवाई बेटांवर धर्मकार्यासाठी वस्तुतः त्यांचे थोरले बंधू जावयाचे होते. ते आजारी पडले, तेव्हा धाकट्याने त्यांची जागा मागून घेतली. १८६४ च्या मार्चमध्ये ते होनोलुलूस पोचले व त्याच वर्षी धर्मगुरू झाले.

हवाईत त्या काळी कुष्ठरोग फैलावत होता. औषध ज्ञात नव्हते. १८६५ मध्ये तेथील राज्याने कायदा केला आणि पुढील वर्षापासून रोग्यांची रवानगी मोलोकाई बेटावर होऊ लागली. एका बाजूस उंच कडे, उरलेल्या बाजूंस समुद्र. समाजाने स्वतःला वाचविण्यासाठी आपलीच काही माणसे खात्यातून वजा केली होती. नॉर्वेत हान्सेन यांनी ज्या वर्षी या रोगाचा जंतू शोधला, त्याच १८७३ च्या १० मे रोजी डेमियन तेथे उतरले. धर्मगुरूंनी आळीपाळीने जावे, अशी मूळ योजना होती. डेमियन यांनी मात्र तेथेच राहण्याची परवानगी मागितली.

त्यांनी घरे बांधली, पाण्याची सोय केली, जखमा धुतल्या, शवपेट्या बनविल्या, थडगी खणली. स्वभाव हट्टी व तापट असल्याने अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. १८८४ च्या अखेरीस कढत पाण्याने पाय पोळला, पण वेदना जाणवली नाही. रोग आपल्यालाही जडल्याचे त्यांनी ओळखले. तरीही काम चालूच राहिले. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली, तेव्हा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८९० मध्ये खुल्या पत्राद्वारे तिला उत्तर दिले.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता हे आयुष्य तोट्याचेच ठरते. डेमियन यांच्या हातून एकही रोगी बरा झाला नाही. गुणकारी औषधे विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात आली आणि हवाईतील सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा तर १९६९ पर्यंत टिकला. मग त्यांनी राखले ते काय? ज्यांना जिवंतपणीच मृत मानले गेले होते, त्यांच्यात कोणीतरी स्वेच्छेने राहावयास आले. त्यांचे माणूसपण त्यामुळे राखले गेले.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. डेमियन मोलोकाईस मरावयास गेले नव्हते. इतरांबरोबर जगावयास गेले होते. मृत्यू ही त्या जगण्याची किंमत होती, हेतू नव्हे. ११ ऑक्टोबर २००९ रोजी रोमने त्यांना संतपद बहाल केले. परंतु त्यांचा जीव राखला गेला तो त्याच्या कितीतरी आधी, परतीची वाट त्यांनी आपण होऊन सोडली त्या दिवशीच.