साबणसम्राट विल्यम लीव्हर
(१८५१ ते १९२५)

सनलाइट, लाइफबॉय, लक्स आणि व्हिम ही नावे आपल्या सभासद-कुटुंबांतील कोणत्याही गृहिणीस नव्याने सांगावयास नकोत. ही चारही नावे ज्या एका पुरुषाच्या उद्योगातून प्रथम बाजारात आली, त्याचे चरित्र मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. आपल्या संस्थेच्या सभासदांत दुकानदारी करणारी मंडळी पुष्कळ आहेत. एका किराणा दुकानदाराच्या मुलाचे हे चरित्र त्यांस विशेष रुचेल अशा समजुतीने या वर्षीच्या स्मरणिकेसाठी ते लिहिण्याचे योजिले आहे.

विल्यम हेस्केथ लीव्हर यांचा जन्म १९ सप्टेंबर १८५१ रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बोल्टन या गावी झाला. बोल्टन म्हणजे सूतगिरण्यांचे आणि दगडी कोळशाच्या धुराचे गाव. वडील जेम्स लीव्हर यांचा किराणा मालाचा व्यापार असे. दहा भावंडांत विल्यम सातवा, आणि मुलग्यांत पहिला. घरातील वातावरण धर्मनिष्ठ व काटेकोर होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या पेढीवर बसला. बसला म्हणण्यापेक्षा उभा राहिला असेच म्हणावे लागेल. कारण साखरेच्या ढेपा फोडणे आणि साबण कापून कागदात बांधणे ही त्याची पहिली कामे होती.

त्या काळी साबण कसा विकला जाई हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व चरित्राचे मूळ त्यात आहे. कारखान्यातून साबणाच्या लांबलचक कांबी येत. गिऱ्हाईक मागेल तेवढा तुकडा दुकानदार तारेने वा सुरीने कापी, तराजूत जोखी आणि साध्या कागदात गुंडाळून देई. तो साबण कोणी केला, कशाचा केला, हे गिऱ्हाइकास कळण्याचा काही मार्ग नसे. साबणाची कृती तशी सोपी आहे. तेल वा चरबी दाहक सोड्याच्या पाण्याबरोबर शिजविली म्हणजे साबण व ग्लिसरीन तयार होतात. मग मीठ घालून साबण वर आणावयाचा व खालचे पाणी काढून टाकावयाचे. परंतु या सोप्या कृतीत लबाडीसही पुष्कळ जागा आहे. सोडा अधिक राहिला तर कपडा विरतो आणि हाताची त्वचा सोलवटते. स्वस्त वजन वाढविण्यासाठी त्यात सोडियम सिलिकेटसारखी भर घालता येते. अशा मालाचा जाब विचारावयाचा कोणास? दुकानदार कारखानदाराकडे बोट दाखवी, आणि कारखानदार तर निनावी!

विल्यम मोठा झाला, गावोगाव फिरून मालाच्या मागण्या गोळा करू लागला. १८७२ साली वडिलांनी त्यास भागीदार करून घेतले. १८७४ साली बालपणापासून परिचित असलेल्या एलिझाबेथ हुल्म हिच्याशी त्याचा विवाह झाला. विगन या शेजारच्या गावी पेढीची शाखा निघाली आणि तीही भरभराटीस आली.

१८८४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, लीव्हर यांनी केवळ साबणाचाच व्यापार करण्याचे ठरविले. १८७५ च्या कायद्याने इंग्लंडात व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली होती. आपल्या साबणास इतर कोणी वापरू शकणार नाही असे नाव हवे, हे त्यांनी हेरले. लिव्हरपूल येथील थॉम्सन नामक पेटंट-प्रतिनिधीने कागदाच्या एका तुकड्यावर पाचसहा नावे लिहून दिली. त्यांत ‘सनलाइट’ म्हणजे सूर्यप्रकाश हे एक होते. प्रथमदर्शनी लीव्हर यांस ते मुळीच आवडले नाही. काही दिवस ते मनात घोळले आणि मग मात्र हेच हवे अशी त्यांची खात्री पटून त्यांनी ते नोंदवून घेतले. सदैव ढगांनी आणि धुराने झाकलेल्या त्या मुलखात वाळत घातलेल्या कपड्यांवर ऊन पडणे ही केवढी अपूर्वाईची गोष्ट, हे आपण उन्हाच्या देशातील लोकांनी थोडी कल्पना करूनच समजून घ्यावयाचे.

प्रथम साबण इतर कारखानदारांकडून करवून घेत. पण नाव आपले आणि माल परक्याच्या हातचा, ही स्थिती त्यांस सहन होईना. १८८५ साली वॉरिंग्टन येथे एक कारखाना त्यांनी भाड्याने घेतला. बंधू जेम्स हे भागीदार झाले; वॉटसन नावाचे रसायनज्ञ मदतीस आले. चरबीचा भाग कमी करून खोबरेल किंवा ताडाच्या जातीच्या आफ्रिकी झाडाच्या बियांचे तेल शेकडा सुमारे बेचाळीस, चरबी सुमारे चतुर्थांश, त्याहून किंचित कमी सरकीचे तेल आणि सुमारे दशांश राळ असे मिश्रण ठरले. खोबरेलाच्या साबणास फेस लवकर येतो, हे आपल्या कोकणातील मंडळींस सांगावयास नको. या साबणाने कपडे उकळण्याचा त्रास वाचू लागला. मात्र त्यातून तेल पाझरे व त्यास खवट वास येई. त्यावर उपाय म्हणून गवती चहाच्या जातीच्या सिट्रोनेला गवताचे सुगंधी तेल त्यात घातले आणि वडी तेलकट न दिसेल अशा चर्मपत्री कागदात गुंडाळली. आठवड्यास वीस टनांवर सुरू झालेले उत्पादन १८८७ च्या अखेरीस साडेचारशे टनांवर गेले.

माल खपविण्याच्या कामी लीव्हर यांच्या तोडीचा पुरुष त्या काळी इंग्लंडात विरळाच. वेष्टने जमवून पाठविणाऱ्यांस बक्षिसे, भिंतोभिंती पाट्या, आणि साबणात भेसळ सिद्ध करून दाखविणाऱ्यास एक हजार पौंड देण्याची जाहीर हमी, असे अनेक मार्ग त्यांनी योजिले. त्यांची एक जाहिरात असा प्रश्न करी की, बायका पुरुषांच्या आधी म्हाताऱ्या का दिसू लागतात. आणि धुण्याच्या दिवसाचे काबाडकष्ट हेच त्याचे कारण असल्याचे सुचवी. मूळ कल्पना एका अमेरिकन साबणवाल्याची. लीव्हर यांनी ती विकत घेतली होती! १८८९ साली फ्रिथ या नामांकित चित्रकाराचे एका मुलीचे चित्र त्यांनी विकत घेतले आणि खाली शब्द छापून त्याची साबणाची जाहिरात केली. चित्रकार संतापला, पण चित्राचे पैसे चुकते झाले होते. आमच्या मते चित्रकाराचा राग अगदीच अस्थानी नव्हता.

वॉरिंग्टनची जागा पुरेना, तेव्हा मर्सी नदीच्या काठी बर्कनहेडजवळ सुमारे छप्पन्न एकर दलदलीची जमीन घेऊन १८८८ साली नव्या कारखान्याचा व कामगार-वसाहतीचा आरंभ झाला. पहिली कुदळ सौ. लीव्हर यांच्या हस्ते मारण्यात आली. साबणाच्याच नावावरून गावाचे नाव पोर्ट सनलाइट. बागा, शाळा, रुग्णालय, सभागृह, चर्च आणि निरनिराळ्या वास्तुशिल्पज्ञांनी आखलेली सुमारे आठशे घरे तेथे पहिल्या महायुद्धापर्यंत उभी राहिली. नफ्याचे पैसे कामगाराच्या हातावर रोख ठेवण्यापेक्षा त्यास चांगले घर द्यावे असे लीव्हर यांचे मत होते. घरे खरोखरच चांगली होती. परंतु नोकरी गेली की घरही जाई, आणि मालकाची नजर परसबागेपर्यंत पोचे, हेही विसरून चालणार नाही.

१८८८ सालच्या उन्हाळ्यातच कलकत्ता बंदरात सनलाइटच्या पेट्या उतरल्या. १८९४ साली कार्बोलिक ॲसिडयुक्त लाइफबॉय निघाला. रोगराईच्या भयाने ग्रासलेल्या शहरांत जंतुनाशक साबण स्वस्तात मिळू लागला ही लहान गोष्ट नव्हे. १८९९ साली मंकी ब्रँड या घासण्याच्या विटेचा उद्योग त्यांनी खरेदी केला. ही वीट कपडे धुण्यासाठी नाही असे तिच्या जाहिरातीतच स्पष्ट बजावलेले असे. कोणती वस्तू कशासाठी वापरू नये हे विक्रेत्यानेच सांगावे, हा पायंडा चांगला. लोकरी व रेशमी वस्त्रांसाठी साबणाचे पातळ पापुद्रे १९०० पासून लक्स नावाने, आणि भांडी घासण्याची व्हिम पूड १९०४ साली बाजारात आली.

१९०६ साली लीव्हर यांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग आला. तेले व चरबी महागली. सनलाइटची एक पौंडाची, म्हणजे सोळा औंसांची वडी तीन पेन्सला विकली जाई. किंमत वाढवावी तर गरीब गिऱ्हाईक तुटणार; म्हणून किंमत तीच ठेवून वजन पंधरा औंस करण्यात आले. हिशेबाने पाहता शेकडा सव्वासहाची ही घट. अलीकडे बिस्किटांच्या पुड्यापासून दंतमंजनापर्यंत हाच प्रकार आपण पाहतो, त्यामुळे वाचकांस तो अपरिचित वाटणार नाही. त्याच वर्षी लीव्हर यांनी इतर मोठ्या कारखानदारांबरोबर संघ करण्याचे घाटले. डेली मेल व इतर वृत्तपत्रांनी एकच गदारोळ उठविला. साबणवाल्यांचा हा कट गरिबांस लुबाडण्यासाठी आहे आणि पंधरा औंस देऊन पौंडाचे दाम घेतात, असा त्यांचा आरोप होता. गृहिणींनी पाठ फिरविली. खप निम्म्याहून अधिक घसरला. वर्षअखेरीपूर्वीच संघाचा बेत सोडावा लागला.

लीव्हर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०७ साली लिव्हरपूलच्या न्यायालयात तो उभा राहताच डेली मेलने आपले आरोप मागे घेतले आणि पन्नास हजार पौंड भरपाई देण्याचे कबूल केले. इतर पत्रांकडून मिळालेल्या रकमा धरून ती एक्याण्णव हजार पौंडांपर्यंत गेली. त्या पैशातून लिव्हरपूल विद्यापीठास नगररचनाशास्त्र इत्यादींसाठी देणगी मिळाली. न्यायालयात जय झाला हे खरे. पण बाजाराने जो निर्णय दिला तो अगदीच अन्यायाचा होता असे आम्हांस वाटत नाही. निनावी कांबीतून एक औंस कमी मिळाला असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते. वडीवर नाव पाहून विश्वास ठेवण्यास ज्या गृहिणीस लीव्हर यांनीच शिकविले, तिने त्याच नावास जाब विचारला. नाव घातल्याने जो लाभ झाला त्याचीच ही दुसरी बाजू होती.

दुर्दैवाने ज्यांना जाब विचारण्याची सोय नव्हती असेही लोक या व्यवहारात होते. तेलाचा पुरवठा आपल्या हाती असावा म्हणून १९११ साली लीव्हर यांनी बेल्जियम सरकारशी करार केला. त्यान्वये बेल्जियन काँगोतील पाच विस्तीर्ण टापूंतील ताडतेलाचे हक्क त्यांच्या कंपनीस मिळाले. करारात किमान मजुरी, शाळा व दवाखाने यांची कलमे होती. लुसांगा येथील ठाण्यास लीव्हरव्हिल असे नाव देण्यात आले. परंतु उंच झाडांवर चढून घड तोडण्यास माणसे आपखुशीने येईनात, तेव्हा वसाहत-सरकारच्या अधिकाऱ्यांनी आणि गावच्या मुखियांनी ती बळाने आणली. लीव्हर यांच्या पश्चात, १९३१ साली, फळांचे घटविलेले दर आणि कर यांना कंटाळून पेंडे जमातीने उठाव केला. तो मोडताना पाचशेहून अधिक माणसे मारली गेली. ज्ञूल मार्शाल या बेल्जियन लेखकाने सरकारी दप्तरे चाळून ही हकीकत सविस्तर मांडली आहे. इंग्लंडातील कामगारांसाठी गुलाबाच्या बागा लावणारा मनुष्य आणि हा कारभार एकाच चरित्रात बसवावा लागतो, आणि त्यातील कोणतीही एक बाजू गाळून लिहिणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

उत्तरायुष्यात मानमरातब पुष्कळ मिळाले. १९०६ ते १९०९ ते पार्लमेंटचे सभासद होते आणि वृद्धांच्या पेन्शनचा त्यांनी पुरस्कार केला. कारखान्यात सहा तासांचा दिवस असावा असेही ते प्रतिपादीत. १९१७ साली लॉर्ड झाले, तेव्हा पत्नीचे माहेरचे आडनाव आपल्या नावास जोडून त्यांनी लीव्हरहुल्म हा किताब घेतला. पत्नी मात्र १९१३ सालीच निवर्तली होती. तिच्या स्मरणार्थ पोर्ट सनलाइट येथे बांधलेले कलादालन १९२२ साली उघडले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील लुइस व हॅरिस ही बेटे विकत घेऊन तेथे मासेमारीचा मोठा उद्योग उभारण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. तेथील लोकांना कारखान्यापेक्षा स्वतःच्या शेतीचा तुकडा अधिक प्रिय होता. बाराही महिने उघड्या हवेत निजणे आणि पहाटे थंड पाण्याने स्नान, हा त्यांचा नेम होता.

७ मे १९२५ रोजी लंडनजवळील हॅम्पस्टेड येथे फुप्फुसदाहाने त्यांचा अंत झाला. पोर्ट सनलाइटच्या चर्चमध्ये पत्नीशेजारी त्यांस पुरण्यात आले. पुढे डच मार्गारीन कंपन्यांशी एकीकरण होऊन १९३० च्या आरंभी युनिलिव्हर अस्तित्वात आली. १९३३ साली लीव्हर ब्रदर्स इंडिया ही कंपनी हिंदुस्थानात नोंदली गेली, आणि १९३४ साली मुंबईस शिवडी येथे तिच्या कारखान्यात साबण तयार होऊ लागला. १९५६ साली तिची हिंदुस्थान लीव्हर झाली व २००७ साली हिंदुस्थान युनिलिव्हर. कलकत्त्याच्या धक्क्यावर सनलाइटच्या ज्या पहिल्या पेट्या उतरल्या होत्या, त्यांतील वड्यांवर लीव्हर बंधूंनी इंग्लंडात बनविल्याची अक्षरे उठविलेली होती.