शंकर आबाजी भिसे : पेटंटे होती, भांडवल नव्हते

लोहगडवाडीहून मळवलीमार्गे लोणावळ्याकडे निघालो की वळवणचे धरण लागते. टाटांच्या वीज कंपनीने मावळात अडवलेले पाणी खोपोलीला उतरून १९१५ पासून मुंबईला वीज देऊ लागले. त्याच काळात टाटा घराण्यातील सर रतन टाटांनी एका मराठी संशोधकाच्या यंत्रातही पैसा घातला होता. धरण टिकले, ती कंपनी मात्र बुडाली.

तो संशोधक म्हणजे डॉ. शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७, मुंबई. इंजिनिअरिंगची पदवी नाही. सरकारी हिशेब कचेरीत नोकरी आणि उरल्या वेळात यंत्रांचा नाद. वाण्याच्या दुकानातील माल आपोआप तोलणाऱ्या यंत्राने लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळवले आणि भिसे विलायतेला गेले. पुढे छापखान्याचे खिळे पाडणारे यंत्र, रेल्वेत स्टेशनचे नाव दाखवणारे यंत्र, जाहिरातीचे दिवे, आयोडीनचे औषध! शोध दोनशे आणि पेटंटे चाळीस, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वकील म्हणून मी यातला चाळीसचाच आकडा धरतो, कारण कायद्याच्या लेखी डोक्यातल्या कल्पनेला हक्क नसतो.

पण हक्काच्या कागदाने तरी काय होते? पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा अधिकार. कारखाना काढायला भांडवल लागते. दादाभाई नौरोजींनी मदत केली, समाजवादी नेते हिंडमन यांनी पैसा उभारण्याची खटपट केली, गोखल्यांनी टाटांशी गाठ घालून दिली. एवढ्या मोठ्या ओळखी असूनही पहिल्या महायुद्धात सारे कोलमडले आणि १९१६ साली भिसे अमेरिकेला गेले. (बाबासाहेब त्याच वर्षी न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले होते.) ज्या लोहाराच्या, चांभाराच्या पोराला दादाभाईही नव्हते आणि अर्ज लिहिण्यापुरती इंग्रजीही नव्हती, त्याच्या युक्त्या कोणत्या रजिस्टरात शोधायच्या?

भिसेंच्या यादीत आणखी एक नोंद आहे, आपल्या वाचकांनी जरूर लक्षात घ्यावी अशी : शौचकूपात आपोआप पाणी सोडणारे यंत्र. पाण्याचा संडास युरोपात आधीच होता, भिसेंनी त्यात भर घातली. इथे मात्र डोक्यावर मैला वाहणारी जात फुकटाच्या भावात उपलब्ध होती, मग नगरपालिकांनी यंत्रावर पैसा कशाला घालावा? शोधाची उणीव नव्हतीच, गिऱ्हाईक नव्हते.

भिसे ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा त्यानंतर ५८ वर्षांनी, १९९३ साली झाला. तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला.