कुंथलगिरीवरचे ३६ दिवस

भोजच्या पाटील घराण्यातले सातगौडा, म्हणजेच आचार्य शांतिसागर महाराज, यांचा जन्म १८७२ चा. १९२० मध्ये ते दिगंबर मुनी झाले. उतारवयात नजर अधू झाली. पायाखालचा जीव दिसेना, मग अहिंसा पाळायची कशी? धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीवर १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी सल्लेखना घेतली. अन्न सोडले, सुरुवातीला पाणी तेवढे घेत. १८ सप्टेंबरला देह ठेवला. कारण नजर होते, मरणाचा आजार नव्हे. डॉक्टरला अवघड वाटते ते हेच. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्या ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. २०१८ च्या निकालाने असाध्य रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्यास मुभा मिळाली. मरणासाठी औषध देणारा डॉक्टर मात्र आजही गुन्हेगारच ठरतो.