डोंगर वाचणारा गणितज्ञ

लोणावळ्याच्या ट्रिपमध्ये कार्ल्याची लेणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली असतात. पायऱ्या चढताना धाप लागली की मनात येतंच, दोन हजार वर्षांपूर्वी इथे आडवळणाला येऊन एवढं कोणी कशाला कोरलं असेल? याचं उत्तर शोधायला एक गणिताचा प्राध्यापक चक्क पायी डोंगर पालथे घालायचा. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

३१ जुलै १९०७ ला गोव्यात जन्म. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन भारतात परतले. बनारस, अलीगढ असं करत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, पण घर पुण्यातच. त्यामुळे डेक्कन क्वीनने ये-जा सुरू झाली.

इतिहासाकडे ते वळले नाण्यांमुळे. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, वजन घटतं. मग वजनांचं गणित मांडून जुन्या नाण्यांचा क्रम लावता येईल का, हे त्यांनी करून पाहिलं. त्यानंतर मोर्चा वळला घरामागच्या टेकड्यांकडे. तिथे त्यांना अश्मयुगीन माणसाची नखाएवढी दगडी पाती सापडू लागली.

ही पाती कुठे सापडतात, याकडे त्यांनी नीट लक्ष दिलं. धनगर कोणत्या वाटांनी जातात, हेही पाहिलं. धो धो पावसात मेंढ्यांचे खूर खराब होतात, म्हणून कळप पावसाळ्यात पूर्वेच्या कोरड्या भागाकडे सरकतात. पाणी, चढ आणि खिंडी जागच्या हलत नाहीत, म्हणून वाटाही टिकतात. त्याच वाटांवर पुढे व्यापाऱ्यांचे तांडे आले. बोरघाटाजवळ कार्ले, भाजे, बेडसे आणि नाणेघाटाजवळ जुन्नर ही लेणी आहेत, ती याचमुळे. कार्ल्याच्या शिलालेखांत तर दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावंच आहेत. पंढरीच्या वारीची वाटही अशाच प्राचीन वाटांवरून जात असावी, असं कोसंबींचं म्हणणं होतं.

मग सगळं भूगोलच ठरवतो का? इथे कोसंबी थांबवतात. गंगेचं खोरं सुपीक होतंच, पण तिथे घनदाट जंगल होतं. लोखंडी अवजारं हाती आल्यावर तिथे मोठी शेती आणि राज्यं उभी राहिली. दख्खनची काळी जमीनही जड नांगराशिवाय वश होत नव्हती. जमीन संधी देते, पण तिचं सोनं माणसाची अवजारं आणि कष्ट करतात.

१९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. १९६२ मध्ये संस्थेतली नोकरी संपली, भटकंती मात्र चालूच राहिली. २९ जून १९६६ ला पुण्यात ते गेले, तेव्हा ५८ वर्षांचे होते.

पुस्तकं लायब्ररीत मिळतील. पण त्यांचा खरा पुरावा उघड्यावर, टेकड्यांच्या मातीत आहे. टेकडी फोडून रस्ता किंवा इमारत झाली की नखाएवढी पाती राडारोड्यात जातात, कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढच्या ट्रेकला सेल्फी काढून झाला की जरा पायाखाली बघा. काही दिसलं तर उचलू मात्र नका. ते कुठे पडलंय, यातच अर्धी गोष्ट असते.