वयात येण्याची वेळ कोण ठरवतं?

सशाच्या मादीचं एक वैशिष्ट्य आहे. तिच्या अंडाशयातून स्त्रीबीज ठरावीक दिवशी आपसूक सुटत नाही. नराशी समागम झाला तर त्यानंतर साधारण दहा तासांनी ते बाहेर पडतं. नाही झाला, तर पडतच नाही. म्हणजे घडलेल्या गोष्टीची वर्दी आधी मेंदूला लागते आणि तिथून ती अंडाशयापर्यंत पोचते. ती पोचते कशी, हा १९३०च्या दशकातला मोठा पेच होता. आज अकाली वयात येणाऱ्या मुलांना जे इंजेक्शन दिलं जातं, त्याचं मूळ या पेचात आहे. आणि तो सोडवण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, ते जेफ्री हॅरिस.

हॅरिस यांचा जन्म १९१३चा, लंडनचा. केंब्रिजला वैद्यकाचं शिक्षण घेताना ते फ्रान्सिस मार्शल या प्राध्यापकांच्या प्रभावाखाली आले. प्राण्यांच्या प्रजननाचा ऋतूंशी काय संबंध, हा मार्शल यांचा ध्यास होता. उत्तर गोलार्धातले प्राणी दक्षिणेला नेले की त्यांचा विणीचा हंगामही उलटतो, हे त्यांनी टिपलं होतं. दिवस लहान-मोठा झाल्याचं कळतं डोळ्यांना आणि मेंदूला. मग हंगाम ठरवण्यात मेंदूचा हात असणारच, असा त्यांचा तर्क होता. हॅरिस यांनी हा तर्क प्रयोगाच्या टेबलावर आणला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाला विजेचा सौम्य झटका देऊन त्यांनी सशाच्या मादीत समागमाविना स्त्रीबीज सोडवून दाखवलं. १९३७मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते.

पण एवढ्याने काम भागत नव्हतं. अंडाशयाला हुकूम सोडते ती पियुषिका ग्रंथी. वाटाण्याएवढी, मेंदूखाली एका बारीक देठाला लोंबकळणारी. ही सर्व ग्रंथींची मुख्य, तिच्यावर कोणाची सत्ता नाही, असा समज रूढ होता. हॅरिस म्हणत होते की तिच्यावरही मेंदूचा अंमल चालतो. अडचण अशी की पियुषिकेच्या पुढच्या भागात मज्जातंतू जवळजवळ नाहीतच. तारच नसेल तर संदेश जाणार कसा?

उत्तर रक्तवाहिन्यांत होतं. पोपा आणि फील्डिंग या दोघांनी १९३०मध्ये लंडनला हायपोथॅलॅमस आणि पियुषिका यांना जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचं जाळं वर्णिलं होतं. मात्र त्यांच्या मते त्यातलं रक्त खालून वर, ग्रंथीकडून मेंदूकडे वाहत होतं. प्रवाह खरोखर तसा असता, तर मेंदूचा अंमल ही कल्पनाच बाद झाली असती. हॅरिस आणि जॉन ग्रीन यांनी जिवंत उंदरात त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिल्या. रक्त वरून खाली वाहत होतं. मेंदू या इवल्या वाहिन्यांत काही रसायन सोडतो आणि ते थेट ग्रंथीला गाठतं, असा सिद्धांत त्यांनी मांडला. दरम्यान, हॅरिस यांनी सशाच्या डोक्यावर कातडीखाली तारेचं वेटोळं बसवून बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने, भूल न देता, मेंदू उद्दीपित करण्याची युक्ती काढली होती. या पद्धतीने हायपोथॅलॅमसला झटका दिला की स्त्रीबीज सुटे. थेट पियुषिकेला दिला तर काहीच होत नसे.

तरीही शंकेखोर गप्प बसले नाहीत. अनेक ठिकाणी पियुषिकेचा देठ कापून पाहिला गेला होता आणि निकाल परस्परविरोधी होते: काही प्राण्यांचं प्रजननचक्र बंद पडलं, काहींचं सुरूच राहिलं. हॅरिस यांनी यामागचं साधं कारण शोधलं. कापलेल्या वाहिन्या पुन्हा वाढतात! त्यांनी कापलेल्या जागी मेणकागदाचा छोटा तुकडा पडद्यासारखा बसवला. वाहिन्या जुळल्या नाहीत, आणि चक्रही परतलं नाही. इतका क्षुल्लक वाटणारा कागद, पण वर्षानुवर्षांचा गोंधळ त्याने मिटवला.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो तो १९५२मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. स्वीडनमधल्या लुंड इथल्या डोरा याकोबसोन यांच्यासोबत हॅरिस यांनी प्रौढ उंदरीणींची पियुषिका काढून टाकली आणि त्यांच्याच नवजात पिल्लांच्या पियुषिकेचं रोपण केलं. काहींत हायपोथॅलॅमसच्या अगदी खाली, काहींत मेंदूखालीच पण थोडं बाजूला. दोन्हीकडे रोप जगलं, रक्तपुरवठाही मिळाला. पण काम केलं ते फक्त हायपोथॅलॅमसखालच्या रोपाने. त्या माद्या पुन्हा माजावर आल्या, काहींना गर्भही राहिला. नराची पियुषिका लावली तरी ती मादीच्या चक्राला चालली. यातून दोन गोष्टी उघड झाल्या. पिल्लाची ग्रंथी कच्ची नसते, तिला फक्त वरून हुकूम आलेला नसतो. वयात यायचं केव्हा, हे ठरवणारं घड्याळ ग्रंथीत नसून मेंदूत आहे.

विरोधकांत सर्वांत वजनदार होते सॉली झुकरमन, बर्मिंगहॅमचे शरीररचनातज्ज्ञ आणि सरकारदरबारी मोठं वजन असलेले. हिवाळ्यात कृत्रिम उजेड वाढवला की फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी अवेळी माजावर येतो. या वाहिन्या तुटलेल्या असतानाही तो येतो, असा झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्याचा दावा होता. तो खरा ठरला असता तर हॅरिस यांची सगळी इमारत कोसळली असती. हॅरिस आणि डोनोव्हन यांनी फेरेटवर तोच प्रयोग केला: ज्यांच्या वाहिन्या पुन्हा जुळल्या तेच प्राणी उजेडाला प्रतिसाद देत होते. हा वाद कडवट होता आणि बराच काळ चालला. हॅरिस यांचं १९५५चं पुस्तक मात्र या विषयाचा पायाच झालं. १९६२मध्ये ते ऑक्सफर्डला शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आता उरलं होतं ते रसायन हाती लागणं. मेंदूत त्याची मात्रा इतकी नगण्य की कत्तलखान्यांतून आणलेल्या लाखांहून अधिक डुकरांचे हायपोथॅलॅमस वाटून थोडंसं मिळावं. हॅरिस यांची प्रयोगशाळाही यामागे होती, पण शर्यत अमेरिकेत ठरली. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमन यांचे प्रतिस्पर्धी गट इरेला पेटले होते. १९७१मध्ये शॅली यांच्या गटाने त्या संप्रेरकाची रचना जाहीर केली: अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी, आज जीएनआरएच नावाने ओळखली जाणारी. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला हॅरिस गेले. वय ५८. १९७७चं नोबेल शॅली आणि गिलमन यांना मिळालं (रोझलिन यॅलो यांच्यासह, त्यांचं काम वेगळं). मरणोत्तर नोबेल दिलं जात नाही.

पुढे अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल यांनी माकडांवर दाखवलं की हे संप्रेरक साधारण तासातासाने, ठोक्यांसारखं यावं लागतं. सतत येत राहिलं तर पियुषिका उलट गप्प होते. वयात न आलेल्या माकडिणींना त्यांनी पंपाने तासाला एक ठोका दिला, तेव्हा त्यांचं प्रजननचक्र सुरू झालं. पंप बंद केला की त्या पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या.

आठ वर्षांच्या आत मुलगी किंवा नऊच्या आत मुलगा वयात येऊ लागला, की बालसंप्रेरकतज्ज्ञ तपासण्या करून गरजेप्रमाणे देतात ते इंजेक्शन याच उलट्या परिणामावर चालतं. जीएनआरएचचं दीर्घकाळ टिकणारं रूप शरीरात सतत राहतं, ठोका हरवतो आणि पियुषिका शांत होते. उपचार थांबवले की काही महिन्यांत मेंदूचा ठोका पुन्हा ऐकू येऊ लागतो आणि मूल त्याच्या वेळेला वयात येतं. आपल्याकडे वेळेवर न फळणाऱ्या गाई-म्हशींना पशुवैद्य टोचतात, त्यातही पुष्कळदा हेच संप्रेरक असतं.