मिस क्लारा बार्टन यांची विश्रांति

अमेरिकेंतील रेड क्रॉस संस्थेच्या संस्थापिका म्हणून मिस क्लारा बार्टन यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. त्यांनीं रणांगणावर केलेली शुश्रूषा पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ती सेवा करतां करतां त्यांचें शरीर व मन कितीदां खचलें, आणि त्यांतून त्या कशा सावरल्या, हें फारसें सांगितलें जात नाहीं.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील नॉर्थ ऑक्सफर्ड येथें झाला. थोरले बंधु डेव्हिड उंचावरून पडून अंथरुणास खिळले, तेव्हां अकरा वर्षांच्या या मुलीनें सुमारें दोन वर्षें त्यांची शुश्रूषा केली. पुढें त्या शिक्षिका झाल्या. १८५२ सालीं बॉर्डनटाउन येथें त्यांनीं मोफत शाळा चालू केली. ती भरभराटीस आल्यावर चालकांनीं मुख्याध्यापकाची जागा मात्र एका पुरुषास दिली. श्रम आणि मनस्ताप यांमुळें बार्टनबाईंचा आवाजच बसला व त्यांनीं ती शाळा सोडली.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. औषधें, पट्ट्या व अन्न गाड्यांत भरून बाई थेट रणभूमीवर जाऊं लागल्या. १८६२ सालच्या अँटीटमच्या लढाईंत त्या एका जखमी शिपायाची शुश्रूषा करीत असतां एक गोळी त्यांच्या बाहींतून आरपार गेली व तो शिपाई गतप्राण झाला. १८६५ सालीं युद्ध संपलें. तरी त्यांनीं विसांवा घेतला नाहीं. बेपत्ता शिपायांच्या शोधाचें काम त्यांनीं अंगावर घेतलें व वीस हजारांहून अधिक शिपायांचा ठाव लावला. शिवाय गांवोगांवीं व्याख्यानें चालूंच होतीं. अखेर १८६८ सालीं व्यासपीठावरच त्यांचा आवाज पुन्हां गेला.

वैद्यांच्या सल्ल्यानें १८६९ सालीं त्या विश्रांतीसाठीं युरोपांत गेल्या. जिनीव्हा येथें त्यांस रेड क्रॉसची माहिती मिळाली. पण पुढच्याच वर्षीं फ्रान्स व प्रशिया यांत युद्ध जुंपलें; बाई विश्रांति अर्धवट सोडून पुन्हां सेवेंत शिरल्या. १८७३ सालीं त्या मायदेशीं परतल्या त्या अगदीं खचलेल्या स्थितींत. त्यांतच पुढच्या वर्षीं बहीण वारली.

१८७६ सालीं त्या न्यूयॉर्क प्रांतांतील डॅन्सव्हिल येथील आरोग्यधामानजीक राहावयास गेल्या. साधें अन्न, मोकळी हवा, सैल कपडे आणि समविचारी माणसांची सोबत, हेंच तेथील औषध. या वेळीं त्यांनीं घाई केली नाहीं. शक्ति हळूहळू परत आली; आणि वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, १८८१ सालीं, त्यांनीं अमेरिकन रेड क्रॉस स्थापन केला. त्याची पहिली स्थानिक शाखाही डॅन्सव्हिल येथेंच निघाली. १८८९ सालीं जॉन्सटाउनच्या महापुरांत सदुसष्ट वर्षांच्या बाई महिनोन् महिने आपद्ग्रस्तांपाशीं राहिल्या. १२ एप्रिल १९१२ रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या.

विद्यार्थीमित्रहो, त्यांची सर्वांत मोठी कामगिरी या दीर्घ विश्रांतीनंतरची आहे, हें ध्यानांत ठेवा. थकणें हा सेवेचा पराभव नव्हे, आणि विसांवा घेणें हा आळस नव्हे. पालकांसही एक विनंति आहे. आपल्या घरची कोणी मुलगी वा सून परिचारिका असेल, तर रात्रपाळीहून येतांच तिला घरकामास जुंपूं नये. तिला आधीं निवांत झोपूं द्यावें. दुसऱ्यांच्या उशाशीं जागणाऱ्या त्या मुलीची काळजी घेणें, हीही रुग्णसेवाच होय.